फोडणीचा धूर आणि वणव्याचा धूर

अमेरिकेत घर थाटलेल्या मराठी माणसाची यंत्राच्या नजरेशी पहिली गाठ पडते ती स्वयंपाकघराच्या दारात. छताला चिकटवलेली ती पांढरी डबी, स्मोक अलार्म. तेल तापले, मोहरी तडतडली, हिंग पडला आणि त्यात सुक्या मिरच्या टाकल्या की ती किंचाळू लागते. मग एकाने स्टुलावर चढून पंचाने वारा घालायचा, दुसऱ्याने खिडक्या उघडायच्या आणि तिसऱ्याने कानांवर हात ठेवून "बंद करा ती आधी!" म्हणून ओरडायचे. हा प्रकार आपल्यापैकी कोणाच्या घरी झाला नसेल?

आमच्याकडे पंचाचे काम बाबांकडे होते. २०२० च्या फेब्रुवारीत आई-बाबा आमच्याकडे लिव्हरमोरला आले, मार्चमध्ये विमाने बंद झाली आणि तीन महिन्यांचा मुक्काम लांबतच गेला. जूनमध्ये एका संध्याकाळी ठेच्यासाठी मिरच्या भाजताना डबी तिसऱ्यांदा ओरडली, तेव्हा बाबांनी तिची बॅटरी काढून गुपचूप ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. हे मला कळले ऑगस्टमध्ये, वणवे पेटल्यावर. मी चिडलो. बाबा शांतपणे म्हणाले, "अरे, ती रोजच ओरडते. खरी आग लागली तर मला वेगळं कसं कळणार?"

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. तरी बाबांच्या प्रश्नाला मला तेव्हा उत्तर देता आले नाही. वणवे, धूर आणि घराचा विमा या विषयावर लिहावे असे संपादकांनी सुचवले तेव्हा पहिल्यांदा तोच प्रश्न आठवला. मी डॉक्टर नाही, विमा एजंटही नाही. पण कॅमेऱ्याच्या चित्रांतून आणि लोकांनी समाजमाध्यमांवर लिहिलेल्या मजकुरातून आग, धूर किंवा धोका आपोआप हुडकणारी यंत्रे कशी चालतात, हे मला थोडेफार ठाऊक आहे. आणि त्यांच्यापायी मी दोनदा पोळलो आहे.

१६ ऑगस्ट २०२० च्या पहाटे बे एरियात पावसाचा थेंब नसताना विजा कडाडल्या. आम्ही दारात उभे राहून तो सोहळा मोबाइलवर टिपला आणि भारतात पाठवलाही. त्या कोरड्या विजांनी पेटवलेले वणवे एकत्र होत गेले. आमच्या दक्षिणेच्या डोंगरांतला 'एस. सी. यू. लाइटनिंग कॉम्प्लेक्स' अनेक काउंट्यांत मिळून सुमारे ३ लाख ९६ हजार एकरांवर पसरला. आमच्या घरापर्यंत आग आली नाही. धूर मात्र आला, आणि बाबांना जुना दमा.

एका सकाळी खिडकीतून आभाळ बऱ्यापैकी निळे दिसले म्हणून बाबा फिरून आले. त्याच रात्री त्यांना इमर्जन्सीत न्यावे लागले. वणव्याच्या धुरात सर्वांत घातक असतात ते २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण, ज्यांना पी. एम. २.५ म्हणतात. आपल्या केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढा हा कण नाकात अडकत नाही, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातो. सुटा कण डोळ्यांना दिसत नाही आणि वर आभाळ निळे असताना खालच्या हवेत ते पुष्कळ असू शकतात.

याच्या नेमके उलटे घडले ९ सप्टेंबर २०२० ला. त्या दिवशी सकाळी नऊ वाजता सॅन फ्रान्सिस्कोवर आणि आसपास शेंदरी अंधार पसरला होता, आठवत असेल. लोकांनी भराभर फोटो काढले, आणि फोटोत आभाळ चक्क करडे आले! मोबाइलचा कॅमेरा रंगांचा तोल आपोआप सांभाळतो. इतका शेंदरी रंग खरा असूच शकत नाही असे धरून त्याने तो पुसून टाकला. म्हणजे यंत्राला जे दिसले ते त्याने आपल्या समजुतीप्रमाणे 'दुरुस्त' केले. गंमत अशी की त्या सकाळी दाट धूर बराच उंचावर होता. खाली समुद्रावरून आलेला धुक्याचा थर होता, त्यामुळे जमिनीजवळची हवा दिसत होती तितकी वाईट नव्हती. ती बिघडली पुढच्या दिवसांत, धूर खाली उतरल्यावर. तेव्हा डोळ्यांवर विसंबू नका आणि फोटोवर तर नकोच. हवेचा आकडा पाहा. सरकारच्या 'एअरनाऊ'चा आग आणि धुराचा नकाशा २०२० पासून आहे, आणि त्यात लोकांनी घरोघरी बसवलेल्या स्वस्त सेन्सरांचे आकडेही दुरुस्त करून घेतलेले असतात. हे सेन्सर लेसरच्या किरणाने कण मोजतात आणि धुरात मुळापेक्षा जास्त आकडा दाखवतात, म्हणून दुरुस्ती लागते. असा एक सेन्सर मी घरात ठेवला आहे. लसणाच्या फोडणीला तो दोनशेच्या वर जातो. त्याला फोडणी आणि वणवा यांतला फरक कळत नाही, पण फुप्फुसांना तरी तो किती कळतो? त्यानंतर आम्ही स्वयंपाकाच्या आधी हूड लावायला शिकलो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. बाबा इस्पितळातून आल्यावर मी दोन शनिवार-रविवार बसून एक प्रोग्रॅम लिहिला. डोंगरमाथ्यांवरच्या कॅमेऱ्यांची चित्रे तेव्हाही सर्वांना पाहायला खुली होती आणि ट्विटरवरचा मजकूर प्रोग्रॅमने विनामूल्य वाचता येत असे (ही सोय २०२३ मध्ये बंद झाली, आणि बऱ्याच संशोधकांची पंचाईत झाली). माझा प्रोग्रॅम जवळच्या दोन कॅमेऱ्यांवर नजर ठेवी, आमच्या परिसराच्या नावाबरोबर 'आग' किंवा 'धूर' असे शब्द किती वेळा येतात ते मोजी आणि संशय आला की माझ्या फोनवर घंटा वाजवी. फार अभिमान वाटत होता मला त्याचा!

कॅमेऱ्याच्या चित्रातून धूर ओळखणे वाटते तितके सोपे नाही. सुरुवातीचा धूर म्हणजे चित्राच्या कोपऱ्यातला करड्या रंगाचा एक पुसटसा डाग. धुके तसेच दिसते, ढगाची सावली तशीच, ट्रॅक्टरने उडवलेली धूळ तशीच, आणि काचेवर बसलेला किडा तर सर्वांत फसवा. म्हणून प्रोग्रॅमला हजारो जुनी चित्रे दाखवून शिकवावे लागते. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने आपल्या डोंगरांवरच्या कॅमेऱ्यांतून अशा सुमारे २५ हजार चित्रांचा संग्रह केला आहे. प्रत्येक आगीच्या आधीची ४० मिनिटे आणि नंतरची ४० मिनिटे, मिनिटाला एक चित्र. यातली मेख 'आधी' आणि 'नंतर' या दोन शब्दांत आहे. एका चित्रावरून माणसालाही ठरवता येत नाही. पण चित्रे ओळीने पाहिली तर धुके आडवे सरकते आणि धूर एका ठिकाणाहून वर चढत रुंद होतो, हे दिसते. म्हणून चांगले प्रोग्रॅम चित्राचे लहान लहान चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनाची तुलना आधीच्या चित्रांतल्या त्याच चौकोनाशी करतात. दोन डोंगरांवरच्या कॅमेऱ्यांना तोच धूर दिसला तर दोन दिशांच्या रेषा नकाशावर जिथे छेदतात तिथे आग. शाळेत कंपासपेटीतला कोनमापक घेऊन आपण केलेली भूमिती, एवढेच.

समाजमाध्यमांचे तंत्र निराळे. तिथे माणूसच सेन्सर असतो. २०१० साली जपानमधल्या ताकेशी साकाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांच्या ट्वीटवरून भूकंप ओळखून दाखवला, तेव्हापासून या विषयाला जोर आला. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यानेही हा प्रयोग केला. युक्ती साधी आहे. एखादा शब्द गेल्या मिनिटात किती वेळा आला आणि एरवी किती वेळा येतो यांचे गुणोत्तर काढायचे, ते एकदम उसळले की घंटा. भूकंपमापक यंत्रांतून धक्का हुडकायला हीच रीत जुन्या काळापासून वापरतात. पाच महिन्यांच्या मजकुरात त्यांना ४८ भूकंप सापडले, खोट्या हाका फक्त दोन. पण त्याच काळात खात्याच्या नोंदीत पाच हजारांवर भूकंप होते! जिथे माणसे नाहीत, किंवा असूनही ट्वीट करत नाहीत, तिथला धक्का या रीतीला दिसतच नाही. धुराचा माग काढण्यासाठीही असे काम झाले. अमेरिकेच्या वनखात्याच्या संशोधकांनी २०१४ च्या 'किंग फायर'च्या वेळी लोकांनी धुराबद्दल काय लिहिले त्यावरून हवा कुठे किती बिघडली याचा अंदाज बांधला होता.

भूकंपाला दुसरा अर्थ नसतो. 'फायर' या शब्दाला मात्र ढीगभर आहेत. कोणाला नोकरीवरून काढले, कोणाला गाणे आवडले, कोणी बंदूक झाडली, सगळीकडे 'फायर'. आपल्या भाषेत तरी काय वेगळे? 'कांद्याच्या भावाला आग लागलीय' असे मंडळाच्या ग्रुपवर कोणी लिहिले तर माझा प्रोग्रॅम बंबच बोलावील. शिवाय तो आपला ग्रुप खासगी, आणि मजकूर मराठीत. "अहो, धुराचा वास येतोय का तुमच्याकडे?" हा खरा मोलाचा संदेश असतो, आणि नेमका तोच बाहेरच्या कोणत्याही यंत्राच्या कानी पडत नाही. वर, आपत्तीत मोबाइलच बंद पडतो. २०१९ च्या ऑक्टोबरात आगीच्या भीतीने वीज तोडली तेव्हा मरिन काउंटीतले निम्म्याहून अधिक टॉवर मुके झाले होते. सर्वांत मोठे संकट जिथे, तिथेच शांतता. प्रोग्रॅमच्या दृष्टीने तिथे सारे आलबेल! आता त्यात खोट्या चित्रांची भर पडली आहे. २०२५ च्या जानेवारीत लॉस एंजलिसला आगी लागल्या तेव्हा 'हॉलीवूड'ची प्रसिद्ध पाटी जळत असल्याची चित्रे सर्वत्र फिरली. पाटीला काहीही झालेले नव्हते. ती चित्रे संगणकाने बनवलेली होती.

माझ्या प्रोग्रॅमने २०२२ च्या मे महिन्यात मला ४१ वेळा उठवले. एकदाही आग नव्हती. पहाटेचे धुके, द्राक्षमळ्यातला ट्रॅक्टर, आणि एकदा कोणाच्या तरी बार्बेक्यूवर पोरांनी केलेले विनोद. बायको म्हणाली, "या फोनला तरी झोपव, नाहीतर तू बैठकीच्या खोलीत झोप." मी घंटा बंद केली. प्रोग्रॅम चालू ठेवला, आवाज तेवढा बंद केला. सकाळी उठून पाहीन म्हटले.

जूनमध्ये बाबा पुन्हा आले होते. एके रात्री त्यांनी मला गदागदा हलवून उठवले. "ऊठ, ऊठ. फोडणी नाही ही." घरामागच्या टेकडीवरचे वाळके गवत पेटले होते. शेजारच्या बाईंनी ९११ ला फोन केलेला होता, बंब वळणावर दिसत होते. आम्ही बाबांना, मुलीला आणि पासपोर्टांची पिशवी गाडीत घातली आणि रस्त्याच्या टोकाला जाऊन उभे राहिलो. तासाभरात आग विझली. कोणाचे कुंपणही जळले नाही. बाबांच्या छातीत घरघर होती, पण पंप जवळ होता.

घरी आल्यावर फोन उघडला. प्रोग्रॅमने तीन हाका मारल्या होत्या. पहिली बाबांनी मला उठवण्याच्या १९ मिनिटे आधी.

म्हणजे माझे यंत्र बरोबर होते. बाबांनी डबीची बॅटरी काढली होती, मी फोनची घंटा. बाबांवर मी दोन वर्षांपूर्वी चिडलो होतो ते आठवले आणि त्या रात्री त्यांच्याकडे पाहायची लाज वाटली. बाबांनी विषय काढला नाही. चहा मात्र त्यांनी केला.

त्यानंतर मी हिशेब मांडला, जो खरे तर आधी मांडायला हवा होता. एका कॅमेऱ्याचे मिनिटाला एक चित्र तपासले तर दिवसाला १,४४० चित्रे होतात. प्रोग्रॅम फार हुशार आहे, हजारात एकदाच चुकतो, असे समजू. तरी एका कॅमेऱ्यामागे रोज सुमारे दीड खोटी हाक. कॅमेरे हजार असतील तर रोज १,४४०. आणि खऱ्या आगी किती? कॅलिफोर्नियात वर्षाला साधारण सात-आठ हजार वणवे लागतात, म्हणजे दिवसाला सरासरी वीस-बावीस. ढोबळ मानाने, हजारात ९९९ वेळा बरोबर असणारे यंत्र हाक मारते तेव्हा शंभरातल्या अठ्ठ्याण्णव हाका खोट्या निघतात! यात यंत्राचा दोष नाही, आग ही गोष्टच विरळा. डॉक्टर मंडळींना हे गणित पाठ असते. दुर्मीळ आजाराची चाचणी सरसकट सगळ्यांची केली तर 'आजार आहे' असा निकाल आलेल्यांतले बहुतेक जण ठणठणीत निघतात. म्हणून एका चाचणीवर कोणी शस्त्रक्रिया करत नाही, दुसरी तपासणी करतात.

राज्याच्या अग्निशमन खात्याने, म्हणजे कॅल फायरने, नेमकी हीच दुसरी तपासणी मधे घातली आहे. सॅन डिएगोच्या त्याच विद्यापीठाच्या 'अलर्ट कॅलिफोर्निया' या जाळ्यात आज हजाराहून अधिक कॅमेरे आहेत. ते गोल फिरतात, रात्रीही पाहतात. २०२३ च्या उन्हाळ्यात त्यांची चित्रे तपासणारा प्रोग्रॅम आधी सहा नियंत्रण केंद्रांत आणि सप्टेंबरपर्यंत सर्व २१ केंद्रांत सुरू झाला. पहिल्या दोन महिन्यांत ९११ वर पहिला फोन येण्याच्या आधीच त्याने ७७ आगी दाखवल्या. त्यातली एक सॅन डिएगोच्या पूर्वेला क्लीव्हलँड नॅशनल फॉरेस्टमध्ये रात्री तीनच्या सुमारास लागली होती, जेव्हा ती पाहायला कोणी जागे असण्याची शक्यता नव्हती. पाऊण तासात ती विझवली. इथे प्रोग्रॅमची हाक थेट बंबाला जात नाही. ती जाते खुर्चीत बसलेल्या माणसाकडे. तो कॅमेरा वळवतो, जवळून पाहतो, "धूळ आहे" म्हणून सोडून देतो किंवा गाड्या पाठवतो. खोट्या हाका सहन करणे हे त्याचे पगारी काम आहे. आळीपाळीने ते करायला माणसे आहेत. माझ्याकडे एकच माणूस होता, आणि त्याला सकाळी ऑफिस होते. 'वॉच ड्यूटी' हे ॲप आज इथे घरोघरी आहे, तेही असेच चालते. ही ना-नफा संस्था २०२१ मध्ये सोनोमा भागात सुरू झाली. तिथे अनुभवी माणसे अग्निशमन दलाचा रेडिओ ऐकतात, कॅमेरे पाहतात, आणि खात्री झाल्यावरच आपल्याला कळवतात. मी माझा प्रोग्रॅम बंद केला आणि ते ॲप घेतले.

तरीही आग दिसली म्हणजे निरोप पोचला असे नाही. ७ जानेवारी २०२५ ला संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास लॉस एंजलिसजवळ ईटन फायर पेटली. ती दिसायला कॅमेऱ्याची गरजही नव्हती, काही मिनिटांत सगळ्या दरीने पाहिली. पण पश्चिम अल्टाडेनातल्या लोकांना घर सोडण्याचा आदेश गेला तो पहाटे साडेतीनच्या सुमारास. त्या आगीत मृत्यू पावलेल्यांपैकी बहुतेक जण त्याच भागातले होते, त्यांत वृद्ध पुष्कळ. आणि दोन दिवसांनी उलटा घोटाळा झाला. घर सोडण्याची सूचना चुकून सबंध काउंटीला, जवळजवळ एक कोटी लोकांना गेली. पुढच्या वेळी फोन वाजेल तेव्हा त्यांतले किती जण उठतील? माझा अनुभव मी वर सांगितलाच आहे.

म्हणून एक विनंती. आपल्या काउंटीच्या सूचनासेवेत आपले नाव स्वतः नोंदवा. आमच्या अलामिडा काउंटीत तिला 'ए. सी. अलर्ट' म्हणतात. भारतातून आलेल्या आई-वडिलांच्या फोनवर बहुधा काहीच येत नाही, त्यांचा इथला नंबरही नोंदवा. आपल्या घराचा झोन क्रमांक कागदावर लिहून फ्रिजवर लावा, कारण सूचना झोनच्या क्रमांकाने येते आणि ऐनवेळी तो कोणालाच आठवत नाही. घरात दमेकरी किंवा हृदयविकाराचे माणूस असेल तर एक खोली धुरासाठी राखून ठेवा. दारे-खिडक्या बंद, आणि हवा गाळणारे यंत्र. यंत्र महाग वाटले तर साध्या चौकोनी पंख्याला मर्व्ह १३ दर्जाचे फिल्टर चिकटटेपने डब्यासारखे जोडा. त्याला कोर्सी-रोझेन्थाल बॉक्स म्हणतात, आणि तो चांगले काम करतो. बाहेर जायचेच झाले तर एन ९५ मास्क लावा. ओढणी किंवा रुमाल तोंडाला बांधून हे बारीक कण अडत नाहीत.

आता पैशाची बाजू. मी दुसऱ्यांदा पोळलो तो इथे.

कॅमेरे फक्त डोंगरावर नसतात. विमा कंपन्या विमानातून, ड्रोनने किंवा उपग्रहावरून घरांची चित्रे मिळवतात आणि प्रोग्रॅम ती तपासून छत जुने आहे का, झाडे छतावर आली आहेत का, अंगणात पेटण्याजोगे काही आहे का, असे शेरे मारतो. २०२४ च्या शरद ऋतूत माझ्या कंपनीचे पत्र आले की मुदत संपल्यावर आम्ही पॉलिसीचे नूतनीकरण करणार नाही. कारणे तीन: छतावर पालापाचोळा, छतावर झुकलेली फांदी आणि मागील अंगणात 'कचरा'. आमच्या अंगणात कचरा? मी एजंटबाईंना फोन करून मूळ चित्र मागितले. त्यांनी बिचाऱ्यांनी खटपट करून पाठवले. चित्र मे महिन्यातले होते. लाकडी डेकच्या पलीकडे चार पांढरे आणि एक जांभळा चौकोन. आईच्या जुन्या चादरी आणि तिची एक नऊवारी, त्यांवर कुरडया, सांडगे आणि मिरच्या! आईचे वाळवण आकाशातून टिपून यंत्राने त्याला कचरा ठरवले होते. फोनवर आईला सांगितले तर तिचा पहिला प्रश्न, "माझ्या कुरडया कचरा? कोण म्हणतं?"

हसू आले, पण फार वेळ टिकले नाही. कारण उरलेली दोन कारणे खरी होती. छताच्या पन्हळींत ओकची पाने दोन वर्षांची साठली होती आणि फांदी छताला टेकली होती. टेकडी पेटते तेव्हा बरीच घरे ज्वाळांच्या लोळाने नव्हे, वाऱ्याबरोबर उडत आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात, आणि निखाऱ्याला वाळकी पाने म्हणजे आयता कापूस. यंत्राने एक गोष्ट हास्यास्पद आणि दोन गोष्टी नेमक्या सांगितल्या होत्या. वाळवणाच्या रागात मी बाकीच्या दोन्ही नाकारायला निघालो होतो.

ज्यांना असे पत्र येईल त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. कॅलिफोर्नियात नूतनीकरण नाकारायचे असेल तर कंपनीला किमान ७५ दिवस आधी कळवावे लागते. हे दिवस फार मोलाचे आहेत, पत्र टपालाच्या ढिगात पडू देऊ नका. २०२२ पासूनच्या नियमांनुसार तुमच्या घराला वणव्याच्या धोक्याचे किती गुण दिले ते कंपनीने सांगायला हवे, आणि त्यावर दाद मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. घर सुरक्षित केले तर हप्त्यात सूटही मिळायला हवी. घराच्या भिंतीलगतच्या पाच फुटांत पेटण्याजोगे काही नको, म्हणजे लाकडाचा भुसा नको, झुडपे नकोत, भिंतीला टेकवलेली सरपणाची मोळी नको. हवेच्या झरोक्यांना बारीक जाळी हवी, डेकखालची अडगळ काढायला हवी. तुमच्या पिनकोडात आणीबाणी जाहीर झालेला वणवा येऊन गेला असेल तर वर्षभर कंपनीला त्या कारणाने पॉलिसी काढून घेता येत नाही, हेही विचारून घ्या.

मी पन्हळी साफ केल्या, फांदी उतरवली, तारखेसह फोटो काढले आणि वाळवण म्हणजे काय ते समजावणारे अर्ध्या पानाचे पत्र जोडले. इंग्रजीत कुरडईचे वर्णन करणे हे मी इंजिनिअर म्हणून केलेल्या अवघड कामांपैकी एक! दरम्यान दुसरीकडेही विचारून ठेवले. एका कंपनीने जुन्या हप्त्याच्या जवळजवळ तिप्पट आकडा सांगितला. कोणीच घेतले नाही तर 'फेअर प्लॅन' असतो. तो शेवटचा आसरा आहे, पण तो मुख्यतः आगीपुरता. चोरी, नळ फुटणे, कोणी आपल्या घरात पडून दावा लावणे, यांसाठी दुसरी पूरक पॉलिसी वेगळी घ्यावी लागते. फक्त फेअर प्लॅन घेऊन निश्चिंत झालेली दोन घरे माझ्या ओळखीत आहेत. त्यांना मी हे सांगितले तेव्हा त्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले.

साडेसहा आठवड्यांनी माझ्या कंपनीने पॉलिसी पुढे चालू ठेवली. हप्ता वाढलाच. कुरडयांबद्दल पत्रात अवाक्षर नव्हते.

आणखी एक काम त्या निमित्ताने केले. मोबाइलचा व्हिडिओ चालू करून घरभर फिरलो, प्रत्येक कपाट, प्रत्येक खण उघडून. फ्रिज आणि टीव्हीचे नंबर, पुस्तके, देव्हाऱ्यातली चांदी, सगळे बोलत बोलत टिपले. पाऊण तास लागला. आग लागून गेल्यावर आपल्या घरात काय काय होते हे आठवून लिहिणे फार कठीण असते. तो व्हिडिओ घरातल्या संगणकावर न ठेवता बाहेर, भावाकडे ठेवला आहे. दागिन्यांचे मात्र पॉलिसीत वेगळे पाहून घ्या, साध्या पॉलिसीत चोरीच्या दागिन्यांना बहुधा फार लहान मर्यादा असते. बायकोच्या पाटल्या त्यात कुठेच बसत नव्हत्या. त्यांची वेगळी नोंद करावी लागली.

स्वयंपाकघराच्या दारातली डबी आम्ही बदलली. जुनी आयनायझेशन पद्धतीची होती, ती फोडणीला आणि टोस्टला जास्त बिचकते. नवी प्रकाशाच्या झोताने धूर ओळखणारी घेतली आणि शेगडीपासून दहा फुटांवर लावली. ती आता महिन्यातून एखादवेळी ओरडते, तेव्हा सगळे उठून पाहतो. बॅटरी बदलण्याचे काम बाबांनी मागून घेतले आहे. ते इथे नसले तर नाशिकहून फोन करून आठवण देतात.

आई पुढच्या मे महिन्यात येते आहे. वाळवणाच्या चादरी कुठे घालायच्या यावर फोनवर वाटाघाटी चालू आहेत. भिंतीपासून पाच फुटांबाहेर, एवढे तिने मान्य केले आहे.